बॅग भरण्याआधी मिक्सर पालथा करा

गेल्या वैशाखात शेजारच्या वहिनी भर दुपारी मिक्सर कडेवर घेऊन माझ्या पडवीत आल्या. लेक न्यू जर्सीला, जूनच्या शेवटी तिचं बाळंतपण, वहिनींचं तिकीट काढून झालेलं. मिक्सर टेबलावर ठेवून म्हणाल्या, "भावजी, एवढी पिन बदलून द्या. तिकडे चपटी लागते म्हणे. सोलकढीचा नारळ, मसाला, बाळंतिणीचं सगळं करायचंय मला तिथे. आणि माझ्या हाताला हाच मिक्सर बसलाय."

मी मिक्सर पालथा केला. बुडाच्या पट्टीवर कित्येक वर्षांचं पीठ आणि तेल बसलं होतं. ओल्या फडक्याने पुसल्यावर आकडे दिसले: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ७५० वॅट. अमेरिकेच्या भिंतीत असतात १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे वीज सेकंदाला किती हेलकावे खाते तो आकडा. म्हटलं, "वहिनी, पिन बदलून देईन, पण तिथल्या भिंतीतला करंट मला बदलता येणार नाही."

मी हर्णैचा. चोवीस वर्षं व्यापारी बोटींवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. बोटीवर आपली माणसं त्याला बत्तीसाब म्हणतात. आता पडवीत दुरुस्तीचं टेबल मांडून बसतो. मिक्सर, पंखे, विहिरीवरच्या पंपाचं वायंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, असं काम असतं. पण दर मे महिन्यात माझ्याकडे निघालेली माणसं येतात. कोणी लेकीच्या बाळंतपणाला, कोणी कुवेतला नोकरीला, कोणाचा मुलगा जर्मनीला शिकायला. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, पिनेचा. आणि वस्तू जळतात त्या पिनेमुळे नाही, व्होल्टेजमुळे. पिन बसली म्हणजे वीज जुळली असं होत नाही. हे समजावताना मी जे जे सांगतो ते इथे एकदा लिहून ठेवतो.

आधी पट्टी वाचा

प्रत्येक विजेच्या वस्तूवर कुठेतरी बारीक अक्षरांची पट्टी असते. मिक्सरच्या बुडाला, इस्त्रीच्या मागे, चार्जरच्या पिनांच्या बाजूला. चार्जरवरची अक्षरं इतकी बारीक असतात की मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहावा. इंग्रजीत 'इनपुट' लिहिलेलं असतं त्यापुढचे आकडे बघा. 'आउटपुट'पुढचे ५ किंवा ९ व्होल्ट बघून काही कामाचं नाही, ते फोनसाठी आहेत.

'१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं असेल तर ती वस्तू जगात कुठेही चालेल. फक्त पिन जुळवायची. मोबाइलचे, लॅपटॉपचे, कॅमेऱ्याचे चार्जर, बहुतेक ट्रिमर यांत येतात. या चार्जरांच्या पोटात आलेली वीज आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेची, करून घेतात आणि मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी तेवढीच पुढे सोडतात. कमी आली तर जास्त वेळ चालू, जास्त आली तर कमी वेळ. पावसाळ्यात आपल्याकडे व्होल्टेज उतरतं, पंखा रेंगाळतो, ट्यूब लुकलुकते, पण मोबाइल शांतपणे चार्ज होत राहतो. त्याचं कारण हेच.

'२३०' किंवा '२२०-२४०' एवढंच असेल तर ती वस्तू आपल्यासारख्याच व्होल्टेजच्या देशात चालेल: युरोप, ब्रिटन, आखातातले बहुतेक देश, सिंगापूर, मलेशिया, ऑस्ट्रेलिया. अमेरिका, कॅनडा, जपान, तैवान इथे नाही. '२२०-२४०' वाचून पुष्कळांना वाटतं की दोन आकडे आहेत म्हणजे दोन्हीकडे चालेल. तसं नाही, तो एकाच घराण्याचा वर-खालचा पल्ला आहे.

तिसरा प्रकार म्हणजे '११०/२२०' असं मध्ये तिरकी रेघ देऊन लिहिलेलं. म्हणजे अंगावर कुठेतरी एक छोटा खटका आहे आणि तो तुम्ही स्वतः फिरवायचा आहे. प्रवासी इस्त्री, केस वाळवायची काही यंत्रं अशी असतात. खटका नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने फिरतो. तिकडे गेल्यावर ११० वर, आणि परत येताना विमानतळावर जायच्या आधीच पुन्हा २२० वर. घरी येऊन करू म्हटलं की राहून जातं.

हे मी का इतकं बजावतो ते सांगतो. १९९१ साली, माझ्या दुसऱ्याच काँट्रॅक्टवर, कोबे बंदरात आईसाठी कॅसेटचा टू-इन-वन घेतला. तेव्हा प्रत्येक खलाशी जपानहून काहीतरी आणायचा. घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. आईने अभंगांची कॅसेट आधीच काढून ठेवली होती. बंदरात घेतलेला अडॅप्टर लावला, पिन छान बसली, बटण दाबलं. दोन-तीन सेकंद गाणं लागलं, मग आत घरघर सुरू झाली, आणि मग मेण जळल्यासारखा वास. मागच्या जाळीतून धूर आला. यंत्र खास जपानी बाजारासाठीचं होतं, फक्त १०० व्होल्टचं, आणि मी त्याला २३० दिले होते. आतल्या ट्रान्सफॉर्मरची तार इतकी तापली की वरचं वार्निश वितळलं. मागे जपानी अक्षरांच्या मध्ये १०० चा आकडा स्वच्छ छापलेला होता. बोटीवर रोज मी हेच आकडे वाचत होतो, घरी घाईत वाचायचे राहिले. आईने काही म्हटलं नाही, कॅसेट पुन्हा डबीत ठेवली. पुढच्या खेपेला मी २३० चा आणला, पण त्या संध्याकाळचा तो वास अजून नाकात आहे.

मिक्सरचं काय करायचं

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून नीट सांगतो.

आपल्या मिक्सरची मोटर कार्बन ब्रशची असते. तिला ५० हर्ट्झ आणि ६० हर्ट्झचा फरक पडत नाही. फरक पडतो व्होल्टेजचा. २३० चा मिक्सर १२० वर लावला तर तो जळत नाही, फिरतो, आणि म्हणून माणसाला वाटतं जमलं. पण तो अर्धपोटी फिरतो. सुकी धणे-जिऱ्याची पूड होईलही. ओल्या नारळाचे तुकडे आणि थोडं पाणी घातलं की पातं अडतं. मोटर थंड ठेवणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो, त्यामुळे मोटर मंदावली की पंखाही मंदावतो, हवा मिळत नाही, आणि वायंडिंग तापत जातं. कार्बन जळल्याचा तो तिखट वास यायला लागला की बंद करा, पुन्हा लावू नका.

मग उपाय दोन. पहिला, स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर: १२० चे २३० करून देणारा. मिक्सर ७५० वॅटचा असेल तर ट्रान्सफॉर्मर किमान १५०० वॅटचा हवा, कारण मोटर सुरू होताना क्षणभर दुपटीहून जास्त ओढते. हा लोखंडी गाभ्याचा असतो, हातात घेतला की खांद्याला जाणवावा इतका जड. तो इथून नेण्यात अर्थ नाही, तिथेच घ्यावा. लावताना मिक्सरचा खटका शून्यावर, आधी ट्रान्सफॉर्मर चालू, मग मिक्सर. काम झालं की ट्रान्सफॉर्मरची पिन काढायची. मिक्सर बंद असला तरी तो गुणगुणत राहतो आणि वीज खातो.

इथे एक धोका सांगतो. बाजारात तळहाताएवढा, हलका, '१६०० वॅट' लिहिलेला कन्व्हर्टर मिळतो. जड वस्तूच्या जागी हलकी मिळाली म्हणून लोक आनंदाने घेतात. तो वीज बदलत नाही, विजेच्या लाटेचे तुकडे पाडतो. ज्यात नुसती कॉइल तापते अशा साध्या वस्तूंपुरताच तो असतो. मिक्सर, लॅपटॉप, आत सर्किट असलेली कुठलीही वस्तू त्याला लावू नका.

दुसरा उपाय, आणि मी वहिनींना हाच सांगितला: मिक्सर घरीच ठेवा. अमेरिकेतल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानांत ११० व्होल्टचा, आपल्या पद्धतीचा, स्टीलच्या भांड्यांचा मिक्सर मिळतो. लेकीला तो नंतरही कामाला येईल. ट्रान्सफॉर्मरच्या पैशांत थोडी भर घातली की तो येतो आणि ओट्यावरची जागाही वाचते.

वहिनींचा चेहरा उतरला. मग मी त्यांच्या बॅगेत काय जाऊ शकतं ते मोजलं. हाताने फिरवायचं पुरणयंत्र, नारळ खवायची खोवणी, रवी, किसणी. यातल्या एकालाही व्होल्टेज विचारावं लागत नाही. खोवणीला पातं असतं म्हणून ती सामानाच्या मोठ्या बॅगेत, फडक्यात गुंडाळून. हातातल्या बॅगेत ठेवली तर तपासणीत काढून घेतील.

दुबई, लंडन, सिडनी, सिंगापूर इथे मात्र हाच मिक्सर खुशाल न्या. तिथे खरोखरच फक्त पिनेचा प्रश्न आहे.

तापणाऱ्या वस्तू

किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, भात शिजवायचा कुकर. यांचं गणित मी सगळ्यांना पाटीवर करून दाखवतो. व्होल्टेज निम्मं झालं की ताकद निम्मी होत नाही, पावपट होते. आपली १५०० वॅटची किटली १२० व्होल्टवर लावली तर ती जेमतेम ४०० वॅटची होते. एक लिटर पाणी इथे चार मिनिटांत उकळतं, तिथे पाव तास लागेल. धोका नाही, पण उपयोगही नाही. एवढ्या वॅटला ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो मिक्सरच्यापेक्षाही मोठा लागेल. तिथल्या स्वयंपाकघराच्या साध्या सॉकेटमधून १५ अँपियर निघतात, म्हणजे १८०० वॅट, त्यात सगळं बसवायचं. म्हणून तिकडची किटली तिकडेच घ्यावी.

उलटं झालं तर मात्र आग. अमेरिकेतली १५०० वॅटची वस्तू आपल्या २३० वर लावली तर ती साडेपाच हजार वॅट ओढायला बघते. गणपतीत तिकडून आलेल्या मुली केस कुरळे करायचं यंत्र आणतात, आरतीच्या आधी घाईत लावतात, आणि मग माझ्याकडे वितळलेली दांडी येते. निघण्याआधी त्यांनाही पट्टी वाचायला सांगा.

इंडक्शनची शेगडी नेऊ नका. १२० वर ती सुरूच होत नाही, नुसती चूक दाखवते. युरोपातल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांतही शेगडी लावायला बहुधा मनाई असते, आधी विचारून घ्या.

कुठल्या देशात भिंतीत काय असतं

आपली तीन गोल पिनांची पद्धत मुळात इंग्रजांची. त्यांनी स्वतः १९४७ साली चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं आणि आपण जुनीच धरून राहिलो. दक्षिण आफ्रिकेनेही तेच केलं. डर्बनला पहिल्यांदा उतरलो तेव्हा भिंतीत आपलं पंधरा अँपियरचं जाड तीन पिनांचं सॉकेट दिसलं आणि घरी आल्यासारखं वाटलं. आपली गिझरची पिन तिथे सरळ बसते.

ब्रिटन, आयर्लंड, दुबई, कतार, ओमान, कुवेत, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग: तीन जाड चौकोनी पिना. भिंतीवर बहुतेक ठिकाणी खटका असतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक पिनेच्या आत स्वतःचा फ्यूज असतो, कारण तिथे एकाच ३२ अँपियरच्या गोल फिरणाऱ्या वायरवर घरभरची सॉकेट असतात. भिंतीमागे फ्यूज मोठा, म्हणून वस्तूची बारीक वायर सांभाळायला पिनेत छोटा. तिथे फ्यूज नसलेला स्वस्त अडॅप्टर वापरू नका. बाथरूममध्ये 'शेव्हर' लिहिलेलं दोन भोकांचं सॉकेट दिसेल, ते दाढीच्या यंत्रापुरतंच आहे.

युरोपात खोलगट गोल सॉकेट आणि दोन गोल पिना. आपली दोन पिनांची चार्जरची पिन बहुतेकदा आत जाते, पण सैल बसली तर हलते आणि ठिणग्या टाकते. मग अडॅप्टर लावाच. जर्मनीत अर्थिंग सॉकेटच्या कडेच्या पत्र्यांत असतं, फ्रान्समध्ये सॉकेटमधूनच एक पिन बाहेर आलेली असते. स्वित्झर्लंड आणि इटलीची स्वतःची वेगळी पिन आहे, जायचं असेल तर त्याचा वेगळा अडॅप्टर बघा.

अमेरिका, कॅनडा, जपान: दोन चपट्या पट्ट्या, अमेरिकेत खाली एक गोल अर्थिंग. तिथे भिंतीवर सॉकेटला खटका नसतो. भोकांत वीज कायम असते. आपल्याला खटका बंद करून पिन काढायची सवय, तिथे पिन ओढणं हेच बंद करणं. लहान नातवंडं रांगती असतील तर हे पहिल्या दिवशी लक्षात ठेवा. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये सॉकेटवर दोन छोटी बटणं दिसतील. पाण्याचा हात लागून गळती झाली की ते सॉकेट आपोआप बंद होतं. ते बंद पडलं म्हणून घाबरू नका, हात पुसा, वस्तू काढा, 'रिसेट'चं बटण दाबा.

जपानमध्ये १०० व्होल्ट, आणि गंमत बघा, पूर्वेला टोकियोकडे ५० हर्ट्झ, पश्चिमेला ओसाका-कोबेकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकीकडे जर्मन जनित्रं आली, दुसरीकडे अमेरिकन, आणि तो फरक आजतागायत राहिला. प्रवाशाला याचा त्रास नाही, चार्जर दोन्हीकडे चालतो.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड: दोन तिरक्या पट्ट्या आणि खाली एक उभी. व्होल्टेज आपलंच.

सौदी अरेबियाला उमरा यात्रेला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की तिथे ६० हर्ट्झ आहेत, आणि जुन्या इमारतींत १२७ व्होल्टही सापडतात. खोलीतलं सॉकेट कुठल्या व्होल्टेजचं आहे ते आधी विचारा. किटलीला हर्ट्झचा फरक पडत नाही, पण इथून नेलेला टेबलफॅन तिथे जोरात फिरतो आणि तापतो.

बोटीवर पहिल्यांदा चाललेल्या मुलांसाठी एक वाक्य: केबिनमध्ये बहुधा २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असतात, पण बोटीची वायरिंग घरासारखी नसते, तिथे दोन्ही वायरींत जीव असतो. आपल्या मनाने सॉकेट उघडू नका, बत्तीसाबला बोलवा.

ती पेनाची सवय सोडा

हे मी आखातात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला समोर बसवून सांगतो.

एकदा दुबईला बोट लागली असताना गावातल्या मुलांच्या खोलीवर गेलो होतो. आठ जण, वर-खाली खाटा, भिंतीत दोन सॉकेट. एका सॉकेटच्या वरच्या भोकात पेनाचं टोपण खुपसलेलं आणि खालच्या दोन भोकांत आपली दोन पिनांची पिन. चौकोनी सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांवर आतून पडदा असतो. वरची अर्थिंगची लांब पिन आत गेली की तो उघडतो. पोरांनी पिनेच्या जागी पेन घातलं होतं. कोणी स्क्रू ड्रायव्हर घालतं, कोणी खिळासुद्धा. मी पिन ओढून काढली तेव्हा तिची पितळी टोकं काळी पडली होती आणि प्लास्टिक एका बाजूने मऊ झालं होतं. त्या पिनेवरून एक्स्टेन्शन, त्यावर भाताचा कुकर, इस्त्री, टेबलफॅन आणि सहा फोन.

तो पडदा लहान मुलांच्या बोटांसाठी आहे. तो जबरदस्तीने उघडलात की अर्थिंगही नाही आणि फ्यूजही नाही. आणि गोल पिन चौकोनी भोकात फक्त टेकते, धरत नाही. टेकलेल्या जागी उष्णता साठते. आठ माणसं झोपलेली असताना. दोन चांगले अडॅप्टर चहा-नाश्त्याच्या पैशांत येतात. इथूनच घेऊन जा.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. प्रत्येक वस्तूला वेगळा अडॅप्टर न घेता एकच चांगला, अर्थिंगचा, फ्यूज असलेला अडॅप्टर घेतो आणि त्यावर घरचा चार सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड लावतो. मग घरातले सगळे चार्जर आपापल्या पिनांनी त्यावर बसतात. पण फक्त चार्जर. अडॅप्टरवर ६ अँपियर लिहिलं असेल तर २३० व्होल्टच्या देशात त्याच्यातून १३८० वॅट जातात, १२० च्या देशात ७२० च. इस्त्री आणि किटली नेहमी थेट भिंतीत.

अर्थिंगबद्दल थोडं. वस्तूच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह असेल तर तिला अर्थिंग लागत नाही, दोन पिना पुरतात. ते नसेल आणि मूळ पिन तीनची असेल तर अडॅप्टरही तीनचाच हवा. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवताना बारीक मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर समजा की अर्थिंग लागलेलं नाही. लॅपटॉपला त्याने काही होत नाही, पण हाच अडॅप्टर इस्त्रीला लावू नका.

आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांसाठी एक जास्तीचं. खाऱ्या हवेने पितळी पिनांवर हिरवट थर येतो. कपाटात चार वर्षं पडलेला अडॅप्टर तसाच उचलून नेऊ नका. बारीक काचकागदाने पिना चकचकीत होईपर्यंत घासा, कोरड्या फडक्याने पुसा. गंजलेली पिन कुठल्याही देशात तापते.

दम्याचं, झोपेचं यंत्र

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वासासाठी लावतात ते यंत्र, बहुतेक १०० ते २४० चं असतं. पट्टी बघून खात्री करा, हातातल्या बॅगेत न्या, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. दम्याच्या औषधाचा फवारा श्वासातून देणारा नेब्युलायझर मात्र सांभाळा. घरचा घर्रर्र आवाज करणारा बहुतेकदा फक्त २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ बदलत नाहीत, आणि त्याच्या आतल्या पंपाला हर्ट्झचा फरक पडतो. औषधाच्या यंत्राशी असा खेळ नको. बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारा छोटा मिळतो, तो निघण्याआधी घ्या आणि इथेच आठवडाभर वापरून पाहा. विजेवर चार्ज होणारी शेकायची पिशवी नेऊ नका, साधी रबराची न्या.

पॉवर बँक कधीही हातातल्या बॅगेतच ठेवायची, खाली जाणाऱ्या सामानात नाही. १०० वॅट-तासांपर्यंत चालते. २०,००० एमएएचची ७४ वॅट-तासांची होते, म्हणजे चालेल. १०० वॅट-तासांहून मोठी असेल तर विमान कंपनीला आधी विचारावं लागतं.

पोचल्यावर

पहिल्या रात्री दमलेले असता, तेव्हा फक्त फोन लावा. नुसता अडॅप्टर भिंतीत घाला, हलवून बघा. सैल असेल तर दुसरं सॉकेट. फोन लावून दहा मिनिटांनी अडॅप्टरला हात लावा. कोमट चालेल, चटका नको. कान जवळ न्या. चुरचुर आवाज येत असेल तर काढून टाका. मोठी वस्तू दुसऱ्या दिवशी उजेडात, पट्टी पुन्हा एकदा वाचून.

वहिनी ऑक्टोबरात परत आल्या. मिक्सर तिकडेच घेतला होता, पुरणयंत्रावर लेकीने हक्क सांगितला म्हणून ते तिथेच राहिलं. येताना जावयांनी त्यांना हातात धरायचा ब्लेंडर दिला. पिशवीतून काढून त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, आणि मी हात लावायच्या आत स्वतःच पालथा केला. "१२० लिहिलंय, भावजी."

आमच्याकडे तिकडून आलेल्या प्रत्येक वस्तूच्या पिनेवर मी लाल नेलपॉलिशचा जाड ठिपका देतो. घरातल्या लहानथोरांना सांगून ठेवायचं, लाल ठिपक्याची पिन भिंतीत जाणार नाही, फक्त स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्टेज उतरवून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाईल. वहिनींकडे तो ट्रान्सफॉर्मर आला नव्हता तोपर्यंत ब्लेंडर वरच्या फळीवर, पिनेला ठिपका आणि वायरीला चिकटपट्टी गुंडाळून.